रसेल, नैयायिक आणि खोटे समजून घेण्याचा प्रश्न

१९८३च्या जुलै महिन्यात पुण्यात एक विद्वत्सभा भरली. तिच्यात एका बाजूला इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले आणि शिकवणारे प्राध्यापक होते, दुसऱ्या बाजूला न्यायादी शास्त्रांचे पारंपरिक पद्धतीने अध्ययन केलेले पंडित. चर्चा मुख्यतः संस्कृतातून झाली. विषय मात्र उपनिषदांतला किंवा गीतेतला नव्हता. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्ववेत्त्याचा 'प्रॉपोझिशन'विषयीचा सिद्धांत पंडितांपुढे मांडायचा आणि त्यांनी आपल्या शास्त्राच्या आधाराने त्याची परीक्षा करायची, असा तो उपक्रम होता. त्यामागे मे. पुं. रेगे होते, जयपूरचे दया कृष्ण होते, मुकुंद लाठ आणि रा. च. द्विवेदी होते. पंडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांत वाराणसीचे ज्येष्ठ नैयायिक बदरीनाथ शुक्ल हे प्रमुख नाव. या सभेचे वृत्त 'संवाद' या ग्रंथाच्या रूपाने १९९१मध्ये भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले.

आपल्याकडे विद्वानांच्या संवादाचे कौतुक पुष्कळ होते. परिसंवाद, चर्चासत्रे, व्याख्यानमाला यांची वाण नाही. पण त्यांत खरोखर संवाद किती होतो, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. पुण्याच्या सभेकडे मी त्या दृष्टीने पाहणार आहे. तिचा गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही. तिने काय साधले, कशात ती अडली, आणि त्या अडण्यात आजच्या मराठी वाचकाच्या कामाचे काय आहे, एवढे तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच थोडक्यात सांगतो: या सभेने निवडलेला विषय वरवर पाहता तर्कशास्त्रातला एक कोरडा, पारिभाषिक विषय होता, परंतु त्याच्या पोटात संवाद मुळात शक्य कसा होतो हाच प्रश्न दडलेला होता.

दोन एकतर्फी भाषणे

संवाद कशाला म्हणू नये, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होते. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुट या गावी रवींद्रनाथ टागोर आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट झाली. विज्ञान आणि धर्म यांच्यातला थोर संवाद म्हणून तिचा उल्लेख आजही होतो. टागोरांचे म्हणणे असे की, सत्य हे मानवी अनुभवापासून तोडता येत नाही. आइन्स्टाइनचे म्हणणे असे की, घरात कोणी नसले तरी घरातले टेबल जागच्या जागी असते, आणि हे सिद्ध करता येत नसले तरी आपण ते मानतोच. शेवटी तो विनोदाने सुचवतो की, असे असेल तर तुमच्यापेक्षा मीच अधिक धार्मिक ठरतो.

हे सारे वाचायला मोठे आल्हाददायक आहे. पण 'सत्य' या शब्दाने दोघे एकच गोष्ट निर्देशित करीत आहेत का? टागोरांच्या मनात सत्याचा साक्षात्कार आहे, आइन्स्टाइनच्या मनात वस्तुस्थिती. थांबून हा भेद कोणी काढत नाही. एकमेकांविषयी आदर आहे, उत्सुकता आहे, तरी एकाच्या बोलण्यामुळे दुसऱ्याला आपल्या म्हणण्यातला एक शब्दही बदलावा लागलेला नाही. मी याला शेजारी शेजारी ठेवलेली दोन भाषणे म्हणेन.

आपल्या परंपरेत या बाबतीत फार पूर्वी बारकाईने विचार झालेला आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व जाणून घ्यावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली, छल आणि जाती यांचाही आश्रय घेणारी चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. छल म्हणजे काय हे सांगताना दिले जाणारे उदाहरण मराठी माणसालाही सहज कळेल. कोणी 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला असे म्हटले, तर 'याच्याजवळ नऊ घोंगड्या कुठे आहेत?' असे विचारायचे. न्यायसूत्रांत छलाचे तीन, जातीचे चोवीस आणि निग्रहस्थानांचे बावीस प्रकार दिले आहेत. चर्चा कोणकोणत्या ठिकाणी बिघडते याची इतकी तपशीलवार यादी करणाऱ्या परंपरेला संवादाचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते.

पण यादी असणे वेगळे आणि परक्या विचाराशी वाद करणे वेगळे. बौद्ध आणि नैयायिक शतकानुशतके वाद करू शकले, कारण त्यांची परिभाषा बरीचशी समान होती. रसेल आणि नैयायिक यांच्यामध्ये सामाईक काय होते? इथे पुण्याच्या सभेची कसोटी सुरू होते.

'प्रॉपोझिशन' म्हणजे काय?

पहिली अडचण शब्दाची. 'प्रॉपोझिशन'ला हिंदीत 'प्रतिज्ञप्ती' हा शब्द घडवला गेला. मराठीत आपण 'विधान' म्हणतो. 'विधान' या शब्दात बोलण्याची क्रिया आणि बोललेली गोष्ट असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. रसेलला मात्र तिसरेच काही हवे होते. मी मराठीत 'बर्फ पांढरे आहे' म्हटले आणि कोणी तेच इंग्रजीत म्हटले, तर वाक्ये दोन झाली, बोलणारे दोन झाले, दोघांच्या मनातल्या घटनाही दोन झाल्या. तरी दोघांनी एकच गोष्ट सांगितली. ती एक गोष्ट म्हणजे प्रॉपोझिशन. खरे किंवा खोटे असते ते हेच.

१९०३च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या ग्रंथात रसेलची भूमिका अशी होती की, ही गोष्ट मनात नसते, शब्दांतही नसते. ज्या वस्तूंविषयी ती असते त्या वस्तूच तिचे घटक असतात. डिसेंबर १९०४मध्ये फ्रेगेला लिहिलेल्या पत्रात त्याने हे टोकापर्यंत नेले: माँ ब्लाँ पर्वताच्या उंचीविषयीच्या विधानात तो पर्वत, आपल्या बर्फासकट, घटक म्हणून असतोच.

मग खोट्या विधानाचे काय? ते जर जगातल्या वस्तूंचेच बनलेले असेल, तर खोटेपणाही जगात कुठेतरी उभा आहे असे म्हणावे लागेल. हे रसेलला पुढे पटेना. १९१०पासून त्याने प्रॉपोझिशन ही स्वतंत्र वस्तू मानणे सोडले. १९१२च्या 'प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी'मध्ये त्याने शेक्सपिअरच्या नाटकातले उदाहरण घेतले. डेस्डेमोनाचे कॅसिओवर प्रेम आहे, असे ऑथेल्लोला वाटते. हे खोटे आहे, म्हणजे 'डेस्डेमोनाचे कॅसिओवरील प्रेम' अशी वस्तू जगात नाही. पण डेस्डेमोना आहे, कॅसिओ आहे, प्रेम करणे हा संबंधही आहे. ऑथेल्लोचे मन हे तीन सुटे घटक एकत्र बांधते, आणि ही बांधणी वस्तुस्थितीशी जुळत नाही, एवढाच खोटेपणाचा अर्थ.

न्यायदर्शनाची थोडी ओळख असलेला वाचक इथे थबकेल, कारण अगदी ही युक्ती नैयायिकांची आहे. शिंपल्यावर चांदीचा भास होतो, तेव्हा समोर शिंपला खरा आहे, 'चांदीपणा' हा धर्मही इतरत्र, बाजारातल्या चांदीत, खरा आहे. फक्त एकाचा दुसऱ्याशी जोडलेला संबंध इथे नाही. याला अन्यथाख्याती म्हणतात. भ्रमातही प्रत्येक तुकडा खऱ्या जगातलाच असतो, जोडणी तेवढी चुकते. खोटेपणासाठी वेगळी खोटी वस्तू मानण्याची गरज नाही.

म्हणूनच नैयायिकाला प्रॉपोझिशन नावाचा मध्यस्थ अनावश्यक वाटतो. त्याच्या मते खरे-खोटे असते ते ज्ञान. ज्ञान ही आत्म्यात उत्पन्न होणारी, क्षणभर टिकणारी एक घटना, एक गुण. माझे ज्ञान आणि तुमचे ज्ञान या दोन घटना. दोन्हींचा आकार सारखा असला म्हणजे झाले, त्यासाठी दोहोंच्या पलीकडे तिसरी गोष्ट कशाला?

इथपर्यंत साम्य पाहिले. पण पुण्याच्या प्रयोगाचे खरे फळ मला भेदात दिसते. रसेलच्या नव्या सिद्धांतात एक अडचण राहिली होती. डेस्डेमोना, कॅसिओ आणि प्रेम हे तीन सुटे घटक असतील, तर 'डेस्डेमोनाचे कॅसिओवर प्रेम आहे' आणि 'कॅसिओचे डेस्डेमोनावर प्रेम आहे' या दोन समजुतींतला फरक कसा सांगायचा? घटक तर तेच आहेत. शिवाय याच सुट्या घटकांतून निरर्थक जुळणीही होऊ शकेल, ती कोण थांबवणार? हा दुसरा आक्षेप विटगेनस्टाइनने घेतला आणि त्यामुळे रसेलला १९१३मधले आपले हस्तलिखित अर्धवट सोडावे लागले.

नव्यन्यायाच्या परिभाषेत पहिल्या अडचणीला जागा नाही. तिथे ज्ञानाचे विषय सुटे पडलेले नसतात. ज्ञानात एक विशेष्य असतो, दुसरा प्रकार असतो, आणि त्यांना जोडणारा संसर्ग असतो. 'घटयुक्त भूतल' या ज्ञानात भूतल विशेष्य आणि घट प्रकार. 'भूतलावरचा घट' म्हटले की विशेष्य घट झाला. घटक तेच राहिले, तरी ज्ञानाची घडण बदलली. विशेष्यता आणि प्रकारता या भूमिका ज्ञानाच्या रचनेतच असल्यामुळे कोण कोणावर प्रेम करतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

मला यावर एक शंका घ्यावीशी वाटते. अडचणीला नाव देणे म्हणजे ती सोडवणे नव्हे. विशेष्यता डेस्डेमोनाकडे का गेली आणि कॅसिओकडे का गेली नाही, असे रसेल विचारू शकेल. नैयायिकाचे उत्तर असे की, हे अनुव्यवसायात कळते. आधी ज्ञान होते, मग 'मला असे असे ज्ञान झाले' असे त्या ज्ञानाचे ज्ञान होते, आणि त्यात पहिल्याची घडण स्पष्ट दिसते. म्हणजे रसेल जिथे तर्काची मागणी करतो, तिथे नैयायिक अनुभवाचा दाखला देतो. दोघांत कोण बरोबर हे ठरवणे सोपे नाही. पण वाद नेमका कुठे येऊन थांबतो हे आता दिसले. कापुटच्या भेटीत एवढेही झाले नव्हते.

अभावाच्या बाबतीत तर पारडे उलटे झुकते. 'टेबलावर पुस्तक नाही' हे खरे असेल, तर ते कशामुळे खरे आहे? नकारात्मक वस्तुस्थिती असतात असे रसेलने हार्वर्डमध्ये सांगितले, तेव्हा जवळजवळ दंगल उसळली, अशी आठवण त्याने १९१८च्या व्याख्यानांत नमूद केली आहे. वैशेषिकांच्या पदार्थांत मात्र अभाव हा सातवा पदार्थ म्हणून शतकानुशतके सुखाने नांदत होता. कशाचा अभाव, कुठे अभाव, याची सारी व्यवस्था लावलेली होती. 'सशाचे शिंग' अशा रिकाम्या पदाचे तुकडे करून 'सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव' असा अर्थ लावण्याची नैयायिकांची रीत आणि रसेलचा १९०५मधला 'फ्रान्सच्या सध्याच्या राजा'विषयीचा उलगडा यांची तुलना बिमलकृष्ण मतिलाल यांनी १९६८मधल्या आपल्या ग्रंथात केलेली आहेच.

खरी गाठ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. न्यायमतानुसार वाक्यापासून अर्थबोध व्हायचा तर पदांमध्ये आकांक्षा, संनिधी आणि योग्यता असावी लागते. 'तो अग्नीने शिंपतो' या वाक्यात योग्यता नाही, कारण अग्नीने शिंपता येत नाही. म्हणून त्यापासून शाब्दबोध होत नाही. इथवर ठीक. विटगेनस्टाइनच्या आक्षेपालाही हे एक उत्तर होऊ शकेल. परंतु योग्यता म्हणजे बाधाचा अभाव असा अर्थ घेतला, तर गोष्ट फार दूर जाते. समोरचा जे बोलतो आहे ते खोटे आहे हे मला पक्के ठाऊक असेल, तर ते ठाऊक असणेच माझ्या बोधाच्या आड येईल. मग जे मी खोटे मानतो ते मला समजणारच नाही!

वैयाकरणांना आणि मीमांसकांना हे मान्य नव्हते. मुळीच अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचाही बोध शब्द करून देतो, असे कुमारिलांचे म्हणणे आहे. सर्वसामान्य अनुभवही तसाच आहे. पृथ्वी सपाट आहे असे कोणी म्हटले तर मी ते खोटे म्हणतो, आणि खोटे म्हणण्याआधी मला ते समजलेले असावे लागते. रसेलच्या बाजूने बोलणाऱ्याला इथे हक्काने विचारता येते: ज्ञानाव्यतिरिक्त काही मानायचे नाही, आणि खोटे म्हणून जाणलेल्या वाक्याचे ज्ञान होत नाही म्हणायचे, तर मग प्रतिपक्षाचे म्हणणे तुम्ही धरता तरी कशात?

नैयायिकाजवळ उत्तर नाही असे नाही. तो 'आहार्य ज्ञान' नावाची एक गोष्ट मानतो. विरुद्ध गोष्ट माहीत असतानाही इच्छेने, मुद्दाम उत्पन्न केलेले ज्ञान ते आहार्य. 'डोंगरावर अग्नी नसता, तर धूरही नसता' असा तर्क करताना धूर समोर दिसत असतो. तरी मी घटकाभर अग्नीचा अभाव आरोपित करतो आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पाहतो. हा आरोप आहार्य आहे. पण शास्त्राची अट अशी की, आहार्य ज्ञान प्रत्यक्षाच्या, म्हणजे इथे मनाच्या पातळीवरच होऊ शकते. अनुमिती किंवा शाब्दबोध आहार्य नसतो. तेव्हा प्रतिपक्षाचे खोटे वाक्य ऐकताना त्याच्या पदांचे अर्थ मला आठवतात, आणि त्यांची जुळणी माझे मन करते.

हे उत्तर पारिभाषिकदृष्ट्या सफाईदार आहे. तरी त्याची किंमत लक्षात घेतली पाहिजे. याचा अर्थ असा होतो की, प्रतिपक्षी मला शब्दांतून भेटतच नाही. त्याचा पक्ष म्हणून जो माझ्यापुढे असतो तो मीच माझ्या मनात रचलेला असतो. आणि व्यवहारात असे होते, हे नाकारता येईल का? पूर्वपक्ष मांडण्याची आपली थोर परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण अनेक ग्रंथांतला पूर्वपक्ष हा ग्रंथकाराने आपल्या सोयीने रचलेला असतो, कारण उत्तरपक्ष आधीच ठरलेला असतो. आजच्या वादांत तर हे रोजचे झाले आहे. दुसऱ्याचे म्हणणे आपण आपल्या मनात रचतो, आणि आपणच रचलेल्याचे खंडन करून विजयी होतो.

रसेलच्या मूळ कल्पनेचे बळ मला इथे जाणवते. प्रॉपोझिशन ही वस्तू म्हणून मानणे अवघड आहे, हे त्याचे त्यालाच उमगले होते. परंतु जे सांगितले गेले ते तुमचेही नाही आणि माझेही नाही, दोघांना समोर ठेवून पाहता येईल असे आहे, ही गरज त्या कल्पनेमागे होती. ती गरज खरी आहे. मानणे आणि समजणे यांच्यात अंतर राखता आले नाही, तर श्रद्धा आणि विज्ञान, आस्तिक आणि नास्तिक, परंपरा आणि आधुनिकता यांच्यात फक्त निष्ठांची टक्कर उरेल. पुण्याच्या सभेने मांडलेला प्रश्न म्हणून मला पारिभाषिक वाटत नाही.

एका नैयायिकाचे धाडस

याचा एक मोठा पुरावा या संवादमालेतूनच पुढे आला. पुण्यानंतर सारनाथला झालेल्या सभेत बदरीनाथ शुक्ल यांनी एक निबंध मांडला. त्याचा विषय होता देहात्मवाद. आत्मा हे स्वतंत्र द्रव्य मानल्यावाचून न्यायदर्शनाची व्यवस्था लागते का, असा तो प्रश्न होता. आणि देह व मन यांच्या आधारे ती लावता येण्याची शक्यता त्यांनी दाखवली. या निबंधाचे महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करणे हे नैयायिकांनी बौद्धांविरुद्ध आणि चार्वाकांविरुद्ध हजार वर्षे केलेले काम. उदयनाचार्यांचा 'आत्मतत्त्वविवेक' त्यासाठीच. मोक्षाची सारी कल्पना त्यावर उभी. त्या परंपरेतल्या एका वयोवृद्ध पंडिताने, परंपरा न सोडता, तिच्याच परिभाषेत, ही वीट काढली तर इमारत उभी राहील का असे पाहिले.

त्यांनी चार्वाकमत स्वीकारले असे यावरून कोणी म्हणू नये. न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार आहेत, त्यांतला एक अभ्युपगमसिद्धांत: परीक्षा न केलेली गोष्ट तात्पुरती मान्य करून पुढचा विचार करणे. शुक्लांनी केले ते बरेचसे या जातीचे. पण मी वर जे मानणे आणि समजणे यांतले अंतर म्हणालो, ते इथे प्रत्यक्ष पाळलेले दिसते. आपल्याला अमान्य असलेली भूमिका त्यांनी पाडण्यासाठी रचली नाही. ती जास्तीत जास्त बळकट करून पाहिली. धर्माच्या गाभ्याशी असलेल्या कल्पनेबाबत हे करणे, आणि तेही श्रद्धावान माणसाने करणे, याला मी वाद म्हणतो.

या निबंधावर माझा आक्षेप एवढाच की, तो तत्त्वांच्या हिशेबात थांबतो. अमुक गुण कोणत्या द्रव्यात ठेवले की जुळते, हे पाहिले जाते. परंतु मनाविषयी गेल्या दीडशे वर्षांत शरीरशास्त्राने आणि मानसशास्त्राने जे दाखवले, ते या हिशेबात येत नाही. या बाबतीत परंपरेची जुनी मर्यादा कायम राहिली. कच्चे मडके आव्यात भाजल्यावर लाल होते ते कसे, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद होता. मडके परमाणूंपर्यंत विरते, परमाणू लाल होतात आणि मडके पुन्हा घडते, असे वैशेषिकांचे मत. मडके आहे तसेच भाजून निघते, कारण ते तेच मडके म्हणून आपण ओळखतो, असे नैयायिकांचे. प्रश्न विज्ञानाचा होता, युक्तिवाद सूक्ष्म होता, पण निर्णय होण्यासाठी जे करून पाहावे लागते ते करण्याची पद्धत वादाच्या नियमांत बसवलेली नव्हती. तर्क, प्रत्यक्ष आणि दृष्टांत यांची जोड होती, प्रयोगाची नव्हती. 'आमच्याकडे सगळे होते' म्हणणाऱ्यांनी आणि 'तुमच्याकडे काहीच नव्हते' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही, या मडक्याकडे जरा निरखून पाहावे.

सभेचे दार

पुण्याच्या प्रयोगावरचा माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. प्रश्न रसेलकडून निघाला आणि उत्तर पंडितांनी दिले. प्रश्नपत्रिका एका बाजूने काढायची आणि दुसऱ्या बाजूने सोडवायची, यात परीक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे आपोआप ठरते. योग्यता किंवा अनुव्यवसाय हे प्रश्न मुळात नैयायिकाने उभे केले असते आणि रसेलच्या बाजूला त्यांची उत्तरे देणे भाग पडले असते, तर संवादाचा काटा मध्यावर आला असता. दया कृष्णांना ही विषमता मोडायची होती, हे त्यांच्या पुढच्या कामावरून स्पष्ट आहे. तरी सुरुवात विषमतेनेच झाली.

आणखी एक गोष्ट. वादाचे नियम कितीही उत्तम असले, तरी सभेत कोणाला बसू दिले हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राला तो विसरता येणार नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींजवळ शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी न्यायातली 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवली, आणि १९३२मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींभोवती अस्पृश्यतेचा शास्त्रार्थ चालला तेव्हा ते सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. पुढे 'हिंदुधर्माची समीक्षा' त्यांनी त्याच तर्कबुद्धीने केली. शास्त्राची आयुधे किती दूर जाऊ शकतात याचे हे उदाहरण. पण ज्यांच्याविषयी तो शास्त्रार्थ चालला होता ते त्या चर्चेत विषय होते, वादी नव्हते. १९३६मध्ये लाहोरच्या मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले, आणि त्यांचे भाषण आधी वाचून ती सभाच रद्द केली. भाषणाचा मुद्दा होता शास्त्रांच्या प्रामाण्याचा, म्हणजे शुद्ध न्यायशास्त्रीय भाषेत शब्दप्रमाणाचा. आंबेडकरांनी भाषण स्वतः छापले, गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिले, आंबेडकरांनी उत्तर दिले. विसाव्या शतकातला शब्दप्रमाणावरचा सर्वांत महत्त्वाचा वाद मी यालाच म्हणेन, आणि तो सभेच्या बाहेर, दार बंद झाल्यानंतर झाला.

संस्कृत ही वादाची भाषा ठेवल्याने पुण्यात अचूकता आली, हे मान्य. परंतु तेवढ्यानेच ऐकणारे मोजके झाले. रेग्यांना हे कळत होते असे मला वाटते. कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे, 'नवभारत'चे संपादन करणारे, पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहणारे रेगे आयुष्यभर मराठीत तत्त्वज्ञान लिहीत राहिले. त्यांचा आणि दि. य. देशपांडे यांचा श्रद्धा व विवेक यांविषयीचा वाद मराठीत झाला. एक आस्तिक, एक कडवा विवेकवादी. तरी दोघेही समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर देत होते, स्वतः रचलेल्याला नव्हे. मराठीला असा वाद पेलतो हे त्यांनी दाखवून दिले. वाडेकरांनी संपादित केलेल्या 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोशा'सारखी साधने त्यासाठी १९७४पासून उपलब्ध आहेत.

तेव्हा पुढचे काम काय, ते स्पष्ट आहे. 'संवाद' हा ग्रंथ मराठीत यायला हवा, आणि केवळ भाषांतर म्हणून नव्हे, तर त्यातल्या प्रश्नांवर नव्याने वाद घालण्यासाठी. पाकज प्रक्रियेचा प्रश्न मातीचे रसायन जाणणाऱ्यापुढे आणि कुंभारापुढे ठेवायला हवा. शब्दप्रमाणाची चर्चा 'आत्मतत्त्वविवेक' आणि आंबेडकरांचे भाषण शेजारी ठेवून करायला हवी. त्या सभेत जो बसेल त्याच्याकडून एकच अपेक्षा असावी: जे तो खोटे मानतो ते आधी त्याला नीट समजलेले असावे, इतके की ज्याचे ते म्हणणे आहे त्याने ऐकून 'हो, मी हेच म्हणतो' असे म्हणावे. बदरीनाथ शुक्लांनी एका निबंधापुरते ते करून दाखवले. आपल्या साप्ताहिकांतल्या आणि व्यासपीठांवरच्या किती चर्चा या एका अटीवर टिकतील, ते वाचकांनीच मोजावे.